ॲनालिसिस आधी कागदावर, मग स्क्रीनवर

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा कोणताही प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा. मधल्या एका प्रकरणात निळ्या-हिरव्या-लाल रंगांची चित्रे हमखास भेटतात आणि खाली एक ओळ असते: ‘कमाल स्ट्रेस यील्डपेक्षा कमी आहे, म्हणून डिझाइन सुरक्षित आहे.’ व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतात, ‘हा लोड कुठून आणला? इथे फिक्स्ड का धरलं? मेश बारीक केली तर हा आकडा किती बदलतो?’ आणि टीममधली चौघे एकमेकांकडे बघू लागतात.

सॉफ्टवेअरची बटणे आठवड्याभरात पाठ होतात. या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र कुठल्याच बटणामागे नसतात. ती तुम्हाला आधीपासून माहीत असावी लागतात. ती कशी तयार करायची, हे एकच साधे उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

उदाहरण असे: भिंतीतून किंवा फ्रेममधून पुढे आलेली माइल्ड स्टीलची पट्टी. लांबी २०० मिमी, रुंदी ४० मिमी, जाडी १० मिमी. तिच्या टोकावर सुमारे ५१ किलोची मोटर, म्हणजे ५०० न्यूटनचा भार. मोटर चार पोलची, १४४० आरपीएमची. प्रत्यक्षात अशा दोन पट्ट्या असतील, खाली तिरका आधारही असेल. पण समजून घ्यायला एक पट्टी पुरे.

प्रश्न आधी, मॉडेल नंतर

ॲनालिसिस कशासाठी करायचे हे एका वाक्यात लिहून काढा. त्याच्या उत्तरावरून डिझाइनमधली एखादी गोष्ट ठरली पाहिजे. ‘ब्रॅकेटचे ॲनालिसिस करणे’ हा प्रश्न नव्हे. ‘पट्टी १० मिमीची पुरेल की १६ ची घ्यावी लागेल?’ हा प्रश्न झाला. ‘मोटर चालू असताना ब्रॅकेट थरथरेल का?’ हाही प्रश्न, आणि त्याचे ॲनालिसिस पहिल्यापेक्षा वेगळे असते. उत्तर काहीही आले तरी तुम्ही तेच बनवणार असाल, तर ते ॲनालिसिस सोडून द्या आणि तो वेळ ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सना द्या.

इथेच वेळापत्रकाचा मुद्दा येतो. अनेक प्रोजेक्टमध्ये मशीन आधी वेल्ड होते आणि ॲनालिसिस सबमिशनच्या आठवड्यात होते. तोवर पट्टी कापलेली असते, पैसे गेलेले असतात. पहिला हिशेब मटेरियल आणायला जाण्याआधी झाला पाहिजे, मग तो कितीही ढोबळ असो.

पाच मिनिटांचे गणित

एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी म्हणजे कॅन्टिलीव्हर. मुळाशी येणारा बेंडिंग स्ट्रेस काढायला भार आणि लांबी यांच्या गुणाकाराची सहापट करा आणि तिला रुंदी गुणिले जाडीचा वर्ग याने भागा. इथे ६ × ५०० × २०० ला ४० × १०० ने भागले की १५० मेगापास्कल येतात. टोक किती झुकेल? ४ × भार × लांबीचा घन भागिले इलॅस्टिक मॉड्युलस, रुंदी आणि जाडीचा घन यांचा गुणाकार. स्टीलचा मॉड्युलस २ लाख मेगापास्कल धरला तर उत्तर येते बरोबर २ मिमी.

हे दोन आकडे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सॉफ्टवेअरने १५० च्या आसपास उत्तर दिले तर पुढे जायचे. १५ किंवा १५०० दिले तर रंग कितीही सुंदर असोत, कुठेतरी घोटाळा आहे. भाग गुंतागुंतीचा असेल तर त्यातला मुख्य तुकडा तुळई, पोकळ नळी, शाफ्ट किंवा पातळ भांडे असे काहीतरी धरून हिशेब करा. उत्तर वीस-तीस टक्क्यांनी चुकले तरी चालते. दहापट चूक पकडण्यासाठी तो हिशेब आहे.

बाजा स्पर्धेत उतरणाऱ्या टीमना हे वेगळे सांगावे लागत नाही. रोल केजसाठी नियमातल्या नळीपेक्षा वेगळ्या मापाची नळी वापरायची असेल, तर तिची बेंडिंग स्टिफनेस आणि बेंडिंग स्ट्रेंग्थ मूळ नळीइतकी आहे हे गणित मांडून दाखवावे लागते. तिथे रंगीत चित्र पुढे करून भागत नाही.

भार म्हणजे फक्त वजन नव्हे

आपल्या पट्टीवर मोटरचे वजन आहे, हे उघड. पण बेल्ट असेल तर त्याची ओढ आहे. मोटर सुरू होतानाचा झटका आहे. आणि वरचा वॉल्व्ह फिरवायला कोणीतरी या पट्टीवर पाय देऊन चढणार, हेही धरून चालावे. कारखान्यात पाय ठेवता येईल अशी प्रत्येक वस्तू कधी ना कधी पायरी होते.

७५ किलोचा माणूस टोकाजवळ उभा राहिला की भार ५०० वरून सुमारे १२३६ न्यूटनवर जातो आणि मुळाशी स्ट्रेस होतो ३७१ मेगापास्कल. आयएस २०६२ च्या ई-२५० ग्रेडची यील्ड स्ट्रेंग्थ २५० मेगापास्कल. म्हणजे मोटरच्या वजनाला १.६७ चा सेफ्टी फॅक्टर देणारी पट्टी माणसाच्या पावलाखाली कायमची वाकेल. म्हणून मॉडेल बनवण्याआधी भारांची यादी करा: रोजचा भार, सुरू होतानाचा, चुकीच्या वापराचा, वाहतुकीतला. प्रत्येकासाठी स्वतंत्र लोड केस चालवा. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहा: मोजला, कॅटलॉगमधून घेतला की गृहीत धरला.

एकके आणि मटेरियल

बरीच पॅकेजेस एकके स्वतः सांभाळतात, पण सगळी नाही. मिमी, न्यूटन आणि मेगापास्कल वापरत असाल तर वस्तुमान टनात धरावे लागते. तेव्हा स्टीलची घनता ७८५० नसते, ती ०.००००००००७८५ टन प्रति घन मिमी असते आणि गुरुत्वत्वरण ९८१० असते. हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे सॉफ्टवेअरला भागाचे वस्तुमान विचारणे. आपली पट्टी ८० घन सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे ०.६३ किलो. तेवढे दिसले नाही तर थांबा.

मटेरियलबाबत एक गैरसमज वारंवार दिसतो. पट्टी जास्त झुकते म्हणून मुले माइल्ड स्टीलऐवजी ईएन-२४ निवडतात. पण साधे स्टील असो की महागडे अलॉय स्टील, इलॅस्टिक मॉड्युलस २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. महाग स्टील उशिरा यील्ड होईल, पण झुकेल तितकेच. झुकणे कमी करायचे तर आकार बदला: जाडी वाढवा, लांबी घटवा, खाली रिब द्या.

लायब्ररीतून मटेरियल उचलताना त्याची अवस्थाही बघा. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची ताकद हीट ट्रीटमेंटमधून येते. वेल्ड केल्यावर जोडाजवळच्या पट्ट्यात ती बरीच घटते, तेव्हा तिथे टी६ चा आकडा वापरता येत नाही. कास्ट आयर्नसारख्या ठिसूळ धातूला व्हॉन मिझेस स्ट्रेस लावू नका. तिथे कमाल प्रिन्सिपल स्ट्रेस बघायचा. आणि साध्या लिनियर ॲनालिसिसला यील्ड ही गोष्टच ठाऊक नसते. माइल्ड स्टीलमध्ये ९०० मेगापास्कल दाखवताना ते जराही कचरत नाही. तो आकडा ‘हा भाग वाकला’ एवढेच सांगतो.

मेश: किती बारीक?

पट्टीला जाडीत एकच थर येईल अशी चार नोडच्या टेट्राहेड्रन एलिमेंटची मेश देऊन पाहा. झुकणे २ मिमीपेक्षा बरेच कमी येईल. हे एलिमेंट बेंडिंगमध्ये खोटा ताठपणा दाखवतात. दहा नोडचे टेट्रा घेतले की उत्तर जागेवर येते. हातचा हिशेब नसता तर पहिले उत्तर चांगले समजून तुम्ही पुढे गेला असता.

त्यानंतर एलिमेंटचे माप ८, ४ आणि २ मिमी असे घेऊन तीन रन करा आणि दोन गोष्टींचा तक्ता मांडा: टोकाचे झुकणे, आणि मुळापासून २० मिमीवरचा स्ट्रेस. गणिताने तिथे १३५ मेगापास्कल येतात. हे दोन्ही आकडे लवकरच स्थिरावतील. मुळाशी, जिथे पट्टी तीक्ष्ण कोनात भिंतीला भेटते, तिथला कमाल स्ट्रेस मात्र मेश बारीक केली की दरवेळी वाढतच जातो. सैद्धांतिक दृष्ट्या तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यात स्ट्रेस अनंत असतो, म्हणून तो आकडा कधीच ठरत नाही. त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. त्यावर सेफ्टी फॅक्टर काढू नका. कोपऱ्याला खरी फिलेट द्या, किंवा थोडे बाजूला सरकून स्ट्रेस वाचा आणि वेल्डचा हिशेब वेल्डच्या पद्धतीने वेगळा करा.

सॉफ्टवेअर नवे असेल तर आधी उत्तर माहीत असलेले गणित त्याला घाला. रुंद प्लेटच्या मधोमध लहान गोल भोक पाडून ती ओढली, तर भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्ये दाखवले. तुमच्या मॉडेलमध्ये हा आकडा तीनच्या जवळ येईपर्यंत स्वतःच्या ब्रॅकेटकडे वळू नका.

मेशची हयगय किती महाग पडते याचे नावाजलेले उदाहरण नॉर्वेतले आहे. स्लाइपनर-ए या समुद्री तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टॅव्हेंगरजवळच्या फ्योर्डमध्ये चाचणीसाठी बुडवत नेत असताना फुटला आणि तळाला गेला. मनुष्यहानी झाली नाही. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे. चौकशीत दिसले की पोकळ कप्प्यांच्या जोडाजवळच्या भिंतीत एलिमेंट फार मोठे आणि वेडेवाकडे होते. त्यामुळे शिअर ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला. त्यात सळयांची अँकरेजही तोकडी पडली. नंतर काटेकोर ॲनालिसिस केले तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. सॉफ्टवेअर तेव्हाही नामवंतच होते. कमी पडला तो त्याला दिलेल्या मेशचा विचार.

स्थिर भारात पास, कंपनात नापास

माणसाच्या वजनासाठी पट्टी १६ मिमीची केली. मोटरच्या भाराखाली स्ट्रेस सुमारे ५९ मेगापास्कलवर आला आणि माणसासकट १४५ वर. स्टॅटिक ॲनालिसिस खूश आहे. बहुतेक रिपोर्ट इथे संपतात.

आता मोटर चालू करा. नैसर्गिक वारंवारता काढायला स्थिर भाराखालचे झुकणे मीटरमध्ये घ्या, ९.८१ ला त्याने भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने भागा. १० मिमीच्या पट्टीला ११.१ हर्ट्झ येतात. १४४० आरपीएम म्हणजे २४ हर्ट्झ. सुरू होताना सुमारे ६७० आरपीएमला पट्टी क्षणभर थरथरेल, पण रोजच्या वेगाला ती रेझोनन्सपासून दूर आहे. १६ मिमीच्या पट्टीचे झुकणे ०.४९ मिमी, म्हणून वारंवारता २२.६ हर्ट्झ. मोटरचा वेग अगदी शेजारी येऊन बसला! डॅम्पिंग सोडून दिले तर रोटरच्या असंतुलनातून येणारे कंपन इथे सुमारे साडेसात पट वाढते.

पट्टी जाड केली आणि मशीन बिघडले. स्टॅटिक ॲनालिसिसची शंभर चित्रे काढली तरी हे दिसणार नाही, कारण प्रश्नच तो विचारलेला नव्हता. फिरणारे काहीही बसवणार असाल तर मोडल ॲनालिसिस कराच. त्यात मोटर हवेत सोडू नका, तिचे वस्तुमान टोकाला जोडा.

‘फिक्स्ड’ या शब्दामागे काय आहे?

मग जाडी २० मिमी केली तर? कागदावर ३१.५ हर्ट्झ, म्हणजे २४ च्या बऱ्यापैकी वर. पण या सगळ्या हिशेबात आपण पट्टीचे मूळ अढळ धरले आहे. प्रत्यक्षात ते दोन बोल्टने पातळ पत्र्याच्या फ्रेमला जोडलेले असेल. मोटरच्या भाराखाली ते मूळ फक्त ०.२ अंशाने फिरले असे समजा. डोळ्याला दिसणारही नाही. तरीही २०० मिमीवरच्या टोकाला त्याने ०.७ मिमीची भर पडते. १६ मिमीच्या पट्टीची वारंवारता मग २२.६ वरून १४.५ वर घसरते, आणि २० मिमीची ३१.५ वरून १६.२ वर.

म्हणजे पट्टी कितीही जाड केली तरी २४ च्या वर जाता येत नाही. खरा लवचीक भाग पट्टी नाही, तिच्या मागचा पत्रा आहे. खर्च करायचा तर मागे बॅकिंग प्लेट देण्यावर करा, किंवा तिरका आधार द्या, किंवा मोटर रबर माउंटवर बसवून वारंवारता मुद्दाम खाली ठेवा. हा निर्णय रंगीत चित्राने सुचवला नाही. ‘फिक्स्ड’ या शब्दावर शंका घेतल्याने तो निघाला.

कोणताही आधार देताना स्वतःला विचारा: ही जागा खरोखर हलत नाही का? फिरतही नाही का? शंका असेल तर दोन रन करा, एक पूर्ण घट्ट धरून आणि एक नुसते टेकवून. खरे उत्तर सहसा या दोघांच्या मध्ये असते. रोल केजच्या समोरच्या धडकेतही हीच अडचण येते. मागचे सस्पेन्शन पॉइंट फिक्स्ड धरून पुढून बल लावले जाते, पण धडकताना गाडीला मागून कोणी धरून ठेवलेले नसते. तिचे इंजिन, चालक आणि चाके आपापल्या जडत्वाने पुढे रेटत असतात. इनर्शिया रिलीफची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर आपले गृहीतक रिपोर्टमध्ये स्पष्ट मांडा.

रिझल्ट वाचण्याआधी

स्ट्रेसचे चित्र सर्वांत शेवटी उघडा. त्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने बघा.

१. आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराइतकी आहे का? ५०० न्यूटन लावले तर ५०० परत मिळाले पाहिजेत.

२. आकार कसा वाकला? ॲनिमेशन बघा. ते अनेकपट वाढवून दाखवलेले असते, म्हणून घाबरू नका. पण एखादा भाग दुसऱ्यातून आरपार जात असेल तर कॉन्टॅक्ट द्यायचा राहिला आहे.

३. झुकण्याचा आकडा हातच्या हिशेबाजवळ आहे का?

४. शेजारच्या एलिमेंटमध्ये स्ट्रेस एकदम उड्या मारतो का? ॲव्हरेज न केलेला स्ट्रेस बघितला की कळते. उड्या असतील तर तिथे मेश बारीक हवी.

५. मोडल ॲनालिसिसचे मॉडेल एकदा कुठलाही आधार न देता चालवा. त्रिमितीत पहिल्या सहा वारंवारता शून्याजवळ यायला हव्यात. सातवीही शून्य आली तर एखादा भाग सुटा राहिला आहे.

द्रव-वायूच्या सिम्युलेशनलाही हीच शिस्त लागते. आत येणारे आणि बाहेर जाणारे वस्तुमान जुळते का, रेनॉल्ड्स नंबर किती, त्यानुसार लॅमिनार की टर्ब्युलन्ट मॉडेल निवडले, आणि भिंतीजवळची मेश त्या टर्ब्युलन्स मॉडेलला चालते का, हे आधी. रेसिड्युअल खाली गेले म्हणजे उत्तर बरोबर असे नाही. समीकरण सुटले, इतकेच. पहिला सराव सरळ नळीतल्या लॅमिनार प्रवाहाचा करा. तिथे फ्रिक्शन फॅक्टर ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर इतका यायलाच हवा.

महागडे लायसन्स नाही ही सबब आता चालत नाही. फ्रीकॅडमध्ये कॅल्क्युलिक्स सॉल्व्हर वापरून वरची सगळी उदाहरणे मोफत करता येतात. प्रवाहासाठी ओपनफोम आहे आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याच्या प्रसारासाठी काम करतो. मोठ्या कंपन्यांच्या स्टुडंट आवृत्त्यांमध्ये मेशच्या आकाराला मर्यादा असते, पण पदवीच्या प्रोजेक्टला ती सहसा पुरते.

एकदा तरी मोजा

पट्टी बनल्यावर टोकाला वजने टांगा आणि डायल गेज लावा. १०, २०, ३०, ४०, ५० किलोला किती झुकते याचा आलेख काढा. रेषा सरळ आली तर लिनियर धरणे योग्य होते. उतार गणितापेक्षा जास्त आला तर मूळ फिरते आहे. दुसरा डायल गेज मुळाजवळ लावला की तेही मोजता येते. स्ट्रेन गेज मिळाला तर उत्तमच: स्टीलमध्ये १५० मेगापास्कल म्हणजे ७५० मायक्रोस्ट्रेन. वारंवारतेसाठी मोटर बसवा, बंद ठेवा, ब्रॅकेटला फोन घट्ट बांधा आणि लाकडी हातोडीने टोला द्या. फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरचे रीडिंग नोंदवणारी मोफत ॲप्स आहेत आणि दहा-वीस हर्ट्झचे कंपन ती सहज पकडतात.

मोजमाप आणि सिम्युलेशन यांत फरक येणारच. तो लपवू नका. १५ टक्के फरक आला आणि तो बोल्टच्या जोडामुळे आला असे तुम्ही मोजून दाखवलेत, तर दशांश चिन्हापर्यंत जुळवून आणलेल्या आकड्यापेक्षा परीक्षक त्यावर जास्त विश्वास ठेवतील. पुढे पुण्यातल्या एखाद्या सीएई कंपनीत मुलाखतीला बसलात तर प्रश्नही हेच विचारले जातील.

रिपोर्टमधले ॲनालिसिसचे प्रकरण पाच-सहा पानांचे असले तरी चालते. त्यात हे क्रमाने यावे: प्रश्न, हातचा हिशेब, भार आणि त्यांचा उगम, आधारांची गृहीतके, मेशचा तक्ता, प्रतिक्रियांची बेरीज, मग निवडक दोन-तीन चित्रे, मोजमाप, आणि शेवटी निर्णय. निर्णयाचे वाक्य ‘डिझाइन सुरक्षित आहे’ असे नको. ‘पट्टी २० मिमीची केली, मागे ८ मिमीची बॅकिंग प्लेट दिली, कारण मूळ फिरल्याने वारंवारता घसरत होती’ असे हवे. असे एकही वाक्य लिहिता येत नसेल, तर ते प्रकरण रिपोर्टमध्ये नसले तरी काही बिघडत नाही.